सागवान की लॅमिनेट? आधी ओल कुठून येते ते बघा

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की गोव्यातल्या घरांत सुतारकामाचे बेत सुरू होतात आणि फ्लोअरिंगचे प्रश्नही त्याच सुमाराला येऊ लागतात. यंदाच्या प्रश्नांतले काही निवडक, उत्तरांसह.

प्रश्न (पर्वरी): तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स न उखडता हॉल आणि दोन्ही बेडरूमना लाकडी फ्लोअरिंग करायचे आहे. एक दुकानदार 12 मिमी लॅमिनेट घ्या म्हणतो, दुसरा म्हणतो खर्च करायचाच तर सागवान करा.

बेडरूमना लॅमिनेट करा आणि हॉलच्या टाइल्स आहेत तशा राहू द्या. सागवानाची पट्टी 18 ते 20 मिमीची, तिच्याखाली 12 मिमी मरीन प्लाय, म्हणजे जमीन 30 मिमी वर आली. सगळे दरवाजे कापावे लागतील आणि बाल्कनीच्या उंबऱ्याची उंची संपेल. जुलैच्या वाऱ्यात बाल्कनीतले पाणी त्या उंबऱ्यामुळेच बाहेर थांबते. लॅमिनेट 8 मिमी आणि त्याखालचा फोम 2 मिमी, एकूण 10 मिमी. दरवाजे थोडेच घासावे लागतात. घासलेल्या कडेला मात्र लगेच पॉलिश किंवा रंग लावून घ्या, नाहीतर ती कड ओल ओढते.

लॅमिनेट हे लाकूड नव्हे. मधला गाभा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला एचडीएफ बोर्ड, वर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला मेलामाइनचा पारदर्शक थर. वरून पाणी आत जात नाही, सांध्यातून जाते. बादली भरून फरशी पुसण्याची आपल्याकडची रोजची पद्धत लॅमिनेटचे आयुष्य संपवते. सांध्याच्या कडा एकदा फुगल्या की परत बसत नाहीत, आणि घासून सपाट करावे तर छापलेला कागदच निघतो. हॉलमध्ये येणे-जाणे, ओल्या चपला, पाण्याचे ग्लास हे सगळे आले, म्हणून तिथे नको.

12 मिमी म्हणजे जास्त टिकाऊ, हा दुकानातला समज. जाडीने पायाखालचा आवाज कमी होतो, एवढेच. टिकण्यासाठी दोन गोष्टी पाहा. एक, एसी श्रेणी, म्हणजे वरचा थर किती झीज सोसतो त्याची प्रत: बेडरूमला एसी 3 पुरते, वावर जास्त असेल तर एसी 4. दोन, गाभा किती फुगतो. दुकानातून दोन-तीन कंपन्यांचे नमुना-तुकडे आणा, कापलेल्या कडेची जाडी व्हर्नियरने मोजा, 24 तास पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. 8 मिमीचा तुकडा 9 मिमी झाला म्हणजे साडेबारा टक्के फुगला. जो सर्वांत कमी फुगेल तो घ्या. कॅटलॉगवर विसंबण्यापेक्षा हे बरे.

लावण्याआधी नाण्याने टाइल्स ठोकून पाहा. पोकळ वाजते ती टाइल काढून पुन्हा बसवा. दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी टाकून तिच्याखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा भरून घ्या. नाहीतर चालताना पट्टी खाली-वर होते, पट्ट्या एकमेकींत अडकवणाऱ्या कुलपाची जीभ झिजते आणि वर्षभरात सांधे करकरू लागतात. बॉक्स न उघडता 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवा. भिंतीपासून 10 ते 12 मिमी सोडा, चौकटीपाशीसुद्धा. लागून असलेल्या ओळींचे सांधे निदान 30 सेंमी पुढेमागे हवेत. आणि अंगभूत कपाट फ्लोअरिंगवर बसवून खिळवू नका. आधी कपाट, मग त्याच्या पायापर्यंत फ्लोअरिंग. सगळी जमीन मोकळी सरकली पाहिजे, एका जागी जखडली की दुसऱ्या जागी उचलते.

प्रश्न (साखळी): आजोबांचे चिरेबंदी घर आहे. तळमजल्याला लाल सिमेंटचा कोबा आहे, जागोजागी तडे गेलेत. त्यावर सागवान घालायचा विचार आहे. माडीवर जुन्या फळ्या आहेत, त्या काढाव्यात का?

दोन्ही उलट करा. तळमजल्याला लाकूड नको आणि माडीच्या फळ्या काढू नका.

जुन्या चिरेबंदी घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. चिरा (जांभा दगड) सच्छिद्र, खाली माती, आणि पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आलेले असते. ओल चिऱ्यातून आणि कोब्यातून वर चढते, लाल सिमेंटमधून हळूहळू उडून जाते. तुम्हांला दिसते ते फार तर भिंतीच्या पायथ्याचा पोपडा किंवा पांढरा क्षार. त्यावर प्लास्टिक आणि लाकूड घातले की उडण्याची वाट बंद होते. ओल लाकडाखाली साचते, उरलेली भिंतीत आणखी वर चढते.

खात्री हवी असेल तर पावसाळ्यात ही चाचणी करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसेच ठेवा. आत थेंब धरले किंवा खालचा कोबा गडद झाला, तर तिथे कुठलेच लाकडी फ्लोअरिंग टिकणार नाही. एप्रिलमध्ये केलेली चाचणी कोरडी आली म्हणून हुरळू नका, तेव्हा सगळेच कोरडे असते. तळमजल्याला लाल कोबाच दुरुस्त करा किंवा सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या घाला.

माडीच्या फळ्या किंदळ, मत्ती, फणस किंवा सागवान यांपैकी कशाच्या तरी असतील. इतक्या वर्षांत त्या पूर्ण मुरल्या आहेत. असे लाकूड आज विकत घेणे महाग आणि मिळणे कठीण. मेस्ताकडून (सुताराकडून) प्रत्येक फळी खालून तपासून घ्या. तुळईवर टेकते तिथे आणि बाहेरच्या भिंतीत घुसते तिथे कुजण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, सहज 5-6 मिमी आत गेला तर तेवढीच फळी बदला. रंधा मारण्याआधी खिळ्यांची डोकी 3 मिमी आत ठोका, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच खेपेला जाते.

प्रश्न (बांदोडा): मार्चमध्ये माडीच्या काँक्रीट स्लॅबवर प्लाय मारून सागवानाच्या 4 इंची पट्ट्या घट्ट बसवल्या. जुलैत मधोमध दोन जागी जमीन उचलली, बाकी पट्ट्यांच्या कडा वर आल्या. मेस्त म्हणतो मशीनने घासून देतो. लाकूड कच्चे होते का?

कच्चे नव्हते. असते तर आकसून फटी पडल्या असत्या. तुमचे लाकूड चांगले सुके होते, पण त्याला फुगायला जागा ठेवली नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. मार्चमध्ये पट्टीत 12 टक्के ओलावा धरा. जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्के असते, तेव्हा तो 16 टक्क्यांवर सहज जातो. एवढ्या फरकाने आडव्या कापाची 100 मिमी रुंद सागवान पट्टी साधारण पाऊण मिलिमीटर रुंद होते. 12 फुटी खोलीत अशा 36 पट्ट्या, म्हणजे एकूण वाढ अडीच सेंटीमीटरहून जास्त. भिंतीशी जागा नाही, सांध्यात जागा नाही, मग जमीन वर उचलणारच. टोकाकडून पाहिल्यावर लाकडाची वर्तुळे उभ्या रेघांसारखी दिसणारी उभ्या कापाची पट्टी याच्या निम्म्याइतकीच वाढते. जादा पैसे द्यायचे तर गाठी नसलेल्या पट्टीपेक्षा या कापाला द्या. सागवानासारखे शांत, कमी फुगणारे लाकूड हे करते, तर जास्त फुगणाऱ्या लाकडाचे काय होईल याचा अंदाज बांधा.

आता घासू नका, हे सर्वांत महत्त्वाचे. कडा वर आणि मध्य खोल, अशी पट्टी पन्हळीसारखी झाली आहे, कारण खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. बहुतेक स्लॅब किंवा प्लाय ओल धरून असेल. तुम्ही कडा घासून सपाट केल्या आणि जानेवारीत पट्टी सुकली, की कडा खाली जातील आणि मध्य फुगलेला राहील. तेव्हा पुन्हा घासायचे, म्हणजे 18 मिमी पट्टीतला दोन-तीन मिमी माल उगाच गेला. खाचेच्या वर जेवढे लाकूड आहे तेवढेच घासता येते.

सध्या एवढेच करा: चारही बाजूंची स्कर्टिंग काढा, भिंतीलगतची पट्टी लांबीत चिरून 15 मिमी मोकळी जागा करा. उचललेला भाग वजन ठेवून दाबू नका, जागा मिळाली की बराचसा आपोआप बसतो. छतातून किंवा शेजारच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते का ते आत्ताच शोधा, पाऊस गेल्यावर सापडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत दोन सुयांच्या ओलावा-मीटरने पट्टीची वरची आणि (एखादी उचलून) खालची बाजू मोजा. दोन्हींत दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक आला की मगच मशीन लावा, आणि पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात मार्चआधी उरका. दमट हवेत पीयू पांढरट पडतो.

नव्याने घालणाऱ्यांसाठी: 12 ते 14 टक्के ओलाव्याचे लाकूड घ्या. पट्टी 3 इंचांपेक्षा रुंद नको. दर पाच-सहा ओळींमागे एक मिलिमीटरची चकती सांध्यात ठेवून खिळे मारा, मग चकती काढा. भिंतीलगत 15 मिमी सोडा, त्यावर जाड स्कर्टिंग येते. स्लॅबवर चिकटवायचे असेल तर सुताराचा पांढरा गम वापरू नका, त्यातले पाणी लाकूडच पिते. पीयूचा लवचिक गम घ्या.

प्रश्न (मडगाव): लॅमिनेटला वाळवी लागते का? दुकानदार म्हणतो केमिकल असल्याने लागत नाही.

लागते. गाभा लाकडाचाच आहे. वरचा थर शाबूत दिसतो आणि आतून भुसा होतो, म्हणून उशिरा कळते. स्कर्टिंगच्या मागे मातीची बारीक नळी दिसली की समजा. फ्लोअरिंगच्या आधी, जमीन उघडी असतानाच उपचार करून घ्या: भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात दर 30 सेंमीवर 12 मिमीचे भोक, प्रत्येक भोकात औषध मुरवून सिमेंटने बंद. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर 2.1 मिली एक लिटर पाण्यात. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. उपचारानंतर जमीन पूर्ण सुकेपर्यंत फोम टाकू नका.

प्रश्न (मुंबई): कळंगुटला फ्लॅट आहे, जून ते ऑक्टोबर बंद असतो. कुठले फ्लोअरिंग चालेल?

बंद घरात हवा हलत नाही, त्यामुळे तुमच्या खिडक्या जितक्या पक्क्या तितकी बुरशी जास्त. तिथे सागवान नको, लॅमिनेटही नको. एसपीसी घ्या. चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा गाभा, 4 ते 6 मिमी, पाण्याने फुगत नाही, वाळवी खात नाही. दोष एकच: ऊन. पश्चिमेच्या काचेच्या दारातून थेट ऊन येत असेल तर तापून लांबते, सांधे उचकटतात. तिथे जाड पडदा हवा आणि भिंतीलगतची जागा कंजुषी न करता सोडा.

प्रश्न (पेडणे): 12 बाय 14 फुटांच्या खोलीला किती बॉक्स लागतील?

168 चौरस फूट, अधिक 10 टक्के कापछाट, म्हणजे 185. बॉक्सवर छापलेल्या मापाने भागा. 1215 बाय 195 मिमीच्या 8 पट्ट्यांचा बॉक्स 20.4 चौरस फुटांचा, त्याचे 9.07 येतात, म्हणून 10 घ्या. उरलेल्या पट्ट्या जपून ठेवा, पुढच्या वर्षी तीच छटा मिळेल याची खात्री नाही. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात, तेव्हा खोली दोन्ही टोकांना मोजा आणि मोठे माप धरा.

प्रश्न (डिचोली): चवथीला समईचे तेल सागवानी जमिनीवर सांडले, काळा डाग पडला आहे.

पीयूचा थर असेल तर डाग वर आहे, कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून पिळलेल्या फडक्याने निघेल. तेल-मेणाची पॉलिश असेल तर तेल आत गेले आहे. डागावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर जाड पसरा, वर कागद ठेवून रात्रभर तसेच राहू द्या, सकाळी झाडून दोन-तीनदा पुन्हा करा. तरी राहिले तर तेवढ्या पट्ट्यांना लाकडाच्या दिशेने 150 मग 220 नंबरचा पॉलिश पेपर आणि वर तेच तेल-मेण. पुढच्या वर्षी समईखाली पितळी ताट ठेवा, आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) जाड सतरंजी घाला: नारळ-सुपाऱ्यांचे घड सुटून पडले की सागवानाला खोच पडते आणि ती घासूनच काढावी लागते.