‘आम्ही’ आणि ‘आपण’

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

चिरंजीव,

पत्राच्या मायन्यात तुझ्यासाठी काय लिहावे, यावर माझा थोडा वेळ गेला. माझ्या वडिलांच्या पिढीत लग्नाच्या वयातील मुलीच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लिहिण्याची रीत होती. त्यातील ‘कां.’ म्हणजे सौभाग्याची कांक्षा धरणारी. ती कांक्षा त्या मुलीला आहे की नाही, हे तिला कोणी विचारलेले नसे. मी मागची दोन अक्षरे गाळून पहिले तेवढे ठेवले आहे. तुझ्या कादंबरीच्या विषयाशी या गोष्टीचा संबंध आहे, म्हणून ती आरंभीच सांगितली.

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही आणि संध्याकाळी आमच्या गल्लीपर्यंत पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज येतो. त्या आवाजात मी तुझे हस्तलिखित दोनदा वाचले. तुझे ‘नगर सात’, तेथील राखाडी गणवेश, चौकाचौकांतील ध्वनिक्षेपक, भिंतीपलीकडचे जंगल आणि ‘अधिनायक’ नावाचा तो कधी न दिसणारा माणूस, हे सारे तू मेहनतीने उभे केले आहेस. तरीही ते मला कोठेतरी वाचल्यासारखे वाटले. ही तक्रार नाही; माणसाला जखडणाऱ्या कल्पित राज्यांविषयीचे लेखन करणारा प्रत्येक जण आधीच्यांच्या वाड्यात काही दिवस भाड्याने राहतोच. मला खटकले ते वेगळेच. तुझ्या नगरात माणसांची निवड नेहमी कोणीतरी हिसकावून घेतो. फर्मान निघते, शिपाई येतात, माणसे रडतात आणि मान तुकवतात. हिसकावून घेतलेली वस्तू परत मागता येते, निदान तिची आठवण तरी राहते. या साहित्यातील खरी भीती, मला वाटते, माणसाने आपल्या हाताने देऊन टाकलेल्या आणि दिल्याचे विसरून गेलेल्या निवडीची आहे.

आपल्या गावाचाच दाखला घे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ती सत्ता क्रूर होती, पण ती कोण आहे, कोठून बोलते आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे या गावातील माणसाला सांगावे लागत नव्हते. तुझा अधिनायक त्या जातीचा आहे. त्याच्याविरुद्ध लढ्याची कादंबरी उत्तम होईल. तुला मात्र दुसरीच कादंबरी लिहायची आहे, असे तू मागच्या पत्रात कळवले होतेस.

त्या दुसऱ्या कादंबरीचा पाया रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने घातला. हा गृहस्थ जहाजबांधणीतील अभियंता होता. त्याने १९२० ते २१ च्या सुमारास लिहिलेली कादंबरी त्याच्या देशात छापू दिली गेली नाही. ती प्रथम १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी भाषांतरातून आली आणि रशियात छापली जायला १९८८ उजाडले. तिच्यात घरे काचेची आहेत, माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, आणि प्रत्येक घास किती वेळा चावायचा याचाही नियम आहे: पन्नास वेळा. पण तू ध्यानात घ्यावेस असे कौशल्य यापुढे आहे. कथा सांगणारा डी-५०३ हा या व्यवस्थेचा बळी म्हणून बोलत नाही. तो तिचा अभिमानी नागरिक म्हणून बोलतो. प्राचीन काळच्या साहित्यातील सर्वश्रेष्ठ ग्रंथ म्हणून त्याला रेल्वेचे वेळापत्रक दिसते. (आपल्या जंक्शनवर ताटकळलेल्या कोणाही प्रवाशाला हा विनोद अधिक कळेल.) त्याच्या कौतुकातूनच आपल्या अंगावर काटा येतो. तुझी नायिका मात्र पहिल्या पानापासून दुःखी आहे, म्हणून तिच्याबरोबर वाचकही पहिल्या पानापासून सुरक्षित आहे.

त्या कादंबरीचे नाव इंग्रजीत ‘वुई’ असे आहे, आणि ते मराठीत आणताना एक मौजेची अडचण येते. रशियन भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. वरवर पाहता ‘आपण’ किती प्रेमळ! पण ऐकणाऱ्याला न विचारता आत ओढण्याची ताकद त्याच शब्दात आहे. ‘आम्हाला हे मान्य नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याच्याशी वाद घालता येतो. ‘आपल्यात असे चालत नाही’ या वाक्याशी वाद कसा घालणार? ते ऐकता ऐकताच तू त्या ‘आपल्यात’ मोजली गेलेली असतेस. तुझ्या अधिनायकाची चारही भाषणे ‘आम्ही आदेश देतो’ अशी सुरू होतात. ती काढून टाक आणि त्या जागी एखाद्या मावशीला स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, हलक्या आवाजात ‘आपल्यात’ म्हणू दे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलकडे वळू. त्याने झाम्यातिनच्या पुस्तकावर १९४६ मध्ये लेख लिहिला आणि त्याची स्वतःची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये आली. तिच्यात राज्याचे कोशकार दरवर्षी शब्द कमी करतात, म्हणजे पुढे बंडाचा विचार करायला शब्दच उरू नयेत. कल्पना थोर आहे, आणि तू ती जशीच्या तशी उचलली आहेस. पण शब्द मरायला कोशकार लागतोच असे नाही. आपल्या सोलापूरचा मुलगा शिकायला पुण्याला जातो तेव्हा पहिल्या आठवड्यात तो वसतिगृहात ‘काय बे’ म्हणतो. कोणीतरी हसते, वाईट हेतूने नव्हे. आणि दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येतो तेव्हा त्याचा ‘बे’ गेलेला असतो. कोणी बंदी घातली नाही, दंड केला नाही. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबांतील काही मुले माझ्या वर्गात होती; आजी शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन आली आणि तिने मोठ्याने हाक मारली की त्यांतील एक-दोघे मराठीत उत्तर देत. आजीला मराठी येत होते, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. तुझी नायिका याच भागात वाढली असावी असे तिच्या घरातल्या मागाच्या वर्णनावरून वाटते, पण बोलते मात्र पाठ्यपुस्तकासारखी. हे तू ठरवून केलेस की आपोआप झाले? आपोआप झाले असेल, तर तुझ्या कादंबरीचा विषय तुझ्या लेखणीत आधीच शिरला आहे. हे पत्र मी कोणत्या भाषेत लिहितो आहे ते तुला दिसतेच. सदतीस वर्षे शिकवताना माझा ‘बे’ कधी गेला, मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, तुझ्या नगरात माणसांना मिळते काय? मला शोधूनही सापडले नाही. ऑल्डस हक्सलेच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये कारखान्यात राबण्यासाठी घडवलेल्या तान्ह्या मुलांना पुस्तके आणि फुले दाखवून त्याच क्षणी कर्कश घंटा आणि विजेचे झटके देतात, म्हणजे जन्मभर त्यांना दोहोंचा तिटकारा यावा. फुलांचा का? कारण फुले पाहायला पैसे पडत नाहीत आणि त्याने कोणताही कारखाना चालत नाही. असे हिशेबी कारण तुझ्या नियमांच्या मागे हवे. शिवाय त्या जगात कोणी उपाशी नाही, कोणी एकटे नाही, आणि दुःख झालेच तर गोळी आहे. तेथील नियंत्रक मुस्तफा मॉन्ड आपली बाजू इतक्या शहाणपणाने मांडतो की समोरच्या तरुणाला अखेरीस दुःखी होण्याचा हक्क मागावा लागतो. तुझ्या अधिनायकाचा युक्तिवाद वाचून मला क्षणभरही ‘खरे आहे बुवा’ असे वाटले नाही. तसे वाटायला हवे होते. व्यवस्थेची बाजू लिहिताना तू मनापासून तिची वकील हो.

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीमधील एक जागा पुन्हा वाच. पुस्तके जाळणाऱ्या बंबवाल्यांचा प्रमुख सांगतो की याची सुरुवात सरकारने केली नव्हती. लोकांनीच आधी वाचणे सोडले होते, कोणाला काही बोचू नये म्हणून सारे गुळगुळीत होत गेले होते, आणि जाळण्याचे काम मागाहून आले. काझुओ इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’ मध्ये तर कुंपणही लागत नाही. अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली ती तरुण मुले मोटारीने एकटी देशभर फिरतात, आणि पळून जाण्याचा विचार त्यांना शिवत नाही. ती फार तर थोडी मुदतवाढ मागायला जातात. तुझ्या नगराभोवतालच्या भिंतीवर तू अकरा पाने खर्च केली आहेस. त्यांतील नऊ काढता येतील.

आता माझी एक गोष्ट, जी मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. मी एका शाळेत होतो तेव्हा वाचनाचा तास रद्द करून तो गणिताला द्यावा, असा प्रस्ताव शिक्षकांच्या सभेत आला. त्या तासाला मुले पेटीतून हवे ते पुस्तक घेत. आठवड्यात तेवढ्या एकाच तासाला त्यांना काय करावे हे कोणी सांगत नसे. मला प्रस्ताव मान्य नव्हता. मी उजवीकडे पाहिले, हात वर होता, डावीकडे पाहिले, हात वर होता, माझाही गेला. सभेनंतर जिन्यात तीन सहकारी मला वेगवेगळे भेटले आणि प्रत्येकाने हळूच सांगितले की त्यालाही ते पटले नव्हते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले, ते मी नंतर वाचले. खोलीतील इतर सारे ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे तीन-चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेली; पण खोलीत एक जरी माणूस खरे उत्तर देणारा बसवला, तरी हे मागे जाणे पुष्कळ घटले. त्या जिन्यात आम्ही चौघे होतो. सभेतही चौघेच होतो, पण एकमेकांना दिसत नव्हतो. तुझ्या कादंबरीत गुप्त संघटना आहे, खुणेचे शब्द आहेत, भुयार आहे. असा जिना मात्र नाही.

इतके दोष काढल्यावर तुला वाटेल की चांगले काही नाहीच. तसे नाही. पान ४३ वर एक परिच्छेद आहे, जो तू बहुधा घाईत लिहिलास, कारण त्यात दोन शब्द गाळलेले आहेत. रंगीत कपड्यांवर बंदी येणार अशी नुसती कुणकुण आहे, फर्मान निघायला अजून दोन दिवस आहेत, आणि नायिकेची आई आपली पिवळी साडी घडी घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवते, वर जुने वर्तमानपत्र अंथरते, आणि काही झालेच नाही अशा तऱ्हेने डाळ निवडायला बसते. तिला कोणी सांगितलेले नाही. उलट मुलीने विचारल्यावर ती म्हणते, ‘तशीही ती मला फार भडक दिसायची.’ हे वाक्य तुला कसे सुचले ते विचारणार नाही. ती साडी तिला आवडत होती, हे तू सहाव्या पानावर लिहिलेले आहेस, आणि ४३ व्या पानावर ते तिलाच आठवत नाही.

हस्तलिखित मी टपालाने पाठवत नाही. पुढल्या महिन्यात तू येशील तेव्हा घेऊन जा. खुणा पेन्सिलीने केल्या आहेत, न पटतील त्या खोडून टाकाव्यात. नायिकेच्या पलायनाचा शेवट ठेवायचा की नाही, हे तुझे तू ठरव, मी त्यावर काही लिहिलेले नाही. मात्र त्या पेटीचा पुढे कोठेही उल्लेख नाही, आणि शेवटच्या प्रकरणात ती आई घरात एकटी आहे. त्या साडीचे पुढे काय झाले, ते मला वाचायचे आहे.

तुझा,
मास्तर