किरकोळ अपघात झाला तर थांबावं की गर्दी जमायच्या आत निघावं?

तुम्ही विचारलंय की गाडी नवीन आहे, धुळे-जळगाव रोजचं जाणं-येणं आहे, कुठे थोडं घासलं किंवा कुणाला धक्का लागला तर काय करायचं. आणि मित्र सांगतात की लोक गोळा व्हायच्या आत गाडी काढायची.

मित्रांचं ऐकू नका. थांबा. पण नुसतं थांबून भागत नाही, हे मला माझ्याच अपघातातून कळलं.

मुकटीच्या पुढे, पारोळ्याकडे जाताना, एका फाट्यावरून मोटारसायकल रस्त्यावर आली. माझ्या आरशाचा तिच्या हँडलला धक्का बसला आणि माणूस पडला. मी थांबलो, पळत गेलो. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "माले काहीच नही व्हयनं भाऊ, तुम्ही जा." चार माणसं जमली होती, तीही म्हणाली की विषय संपला. मी त्याच्या खिशात पाचशेची नोट घातली आणि निघालो. नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही, फोटो काढला नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. त्याच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. नातेवाइकांनी माझा गाडीनंबर देऊन तक्रार केली होती, ठोकून पळून गेला म्हणून. मी थांबलो होतो हे खरं, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्या माणसानेच पोलिसांना खरं सांगितलं म्हणून पुढचं टळलं. आजही मला सलतं ते वेगळंच. मोडलेला हात घेऊन तो दोन दिवस मुरगळलाय समजून शेतात काम करत होता. मी त्याला तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर त्याच दिवशी एक्स-रे झाला असता.

म्हणून पहिली गोष्ट माणूस. समोरचा "काही नाही" म्हणाला तरी त्याला बसवा, हात-पाय हलवायला सांगा, डोक्याला मार लागलाय का विचारा. पडलेला माणूस घाबरलेला असतो आणि त्या भरात दुखणं कळत नाही. मे महिन्यात तर आपल्याकडे डांबरावर उभं राहवत नाही, त्याला आधी सावलीत घ्या. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर मात्र उचलाउचली करू नका, १०८ ला फोन करा. पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कुठे आहात हे सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा. आपण अजूनही 'सहा नंबर' म्हणतो त्या महामार्गाचा आताचा क्रमांक ५३ आहे, तोही सांगा, म्हणजे शोधायला वेळ जात नाही.

उपचाराच्या पैशांसाठी कुणी अडून बसू नये म्हणून २०२५ पासून केंद्राची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळतात. ही गोष्ट त्याच्या घरच्यांना तिथेच सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसते.

दुसरी गोष्ट फोटो, आणि तेही गाडी हलवण्याआधी. चारही इंडिकेटर लावा, गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवा. रात्री तर नक्कीच, कारण कपाशीने फुगलेल्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या याच रस्त्याने जातात आणि मागून येणाऱ्यालाही तुम्ही दिसायला हवेत. मग दोन्ही गाड्या एका चौकटीत, दोन्ही नंबरप्लेट, फुटलेली काच, टायरच्या खुणा आणि रस्त्याचं वळण, एवढे फोटो दोन मिनिटांत होतात. त्यानंतर गाडी कडेला घ्या. चौपदरी रस्त्याच्या मध्ये गाड्या ठेवून भांडत उभं राहणं हे पहिल्या धडकेपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

आता पैशांचं. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, दोन-चार हजार द्या आणि विषय मिटवा. मिटवायला माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमा पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाईचं वचनही द्यायचं नाही. शिवाय जखमीला भरपाईसाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करायला अपघातापासून ६ महिने मिळतात, म्हणजे रस्त्यावर मिटलेलं पुन्हा उघडू शकतं. त्यामुळे फक्त पत्र्याचं नुकसान असेल तर साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि आपसात मिटवल्याचं लिहून दोघांनी सह्या करा. कुणाला खरचटलं जरी असेल तरी कागदावर थांबू नका, ठाण्यात नोंद करा.

हे माझं नुसतं मत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर जखमीला उपचार मिळवून देणं, जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर आणि २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. ती टाळली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागितल्यावर नाव-पत्ता देणंही बंधनकारक आहे. जनावरांच्या बाबतीतही हाच नियम आहे. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप रस्त्याने जाताना एखादी मेंढी गाडीखाली सापडली तरी तिचा मालक तुमचं नाव-पत्ता मागू शकतो.

गर्दी चिडलीच तर? कायद्यातच जमावाच्या रोषाचा उल्लेख आहे. त्यामुळे जखमीला नेणं शक्य झालं नाही तर तो गुन्हा धरत नाहीत. पण मग तिथून घरी जायचं नाही. दारं लॉक करून, ११२ ला सांगत, थेट जवळच्या ठाण्यात जायचं. निघून जाणं आणि पळून जाणं यातला फरक तेवढाच आहे. किल्ली आणि मूळ लायसन्स जमावाच्या हातात देऊ नका. डिजिलॉकरमधली कागदपत्रं पोलिसांना चालतात.

विम्याबद्दल थोडक्यात: त्याच दिवशी कळवा आणि कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी दुरुस्तीला उघडू देऊ नका. नुसता पोचा असेल तर मात्र आधी गॅरेजमध्ये खर्च विचारा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्के असते. तीन-चार हजारांच्या कामासाठी ती घालवणं मला पटत नाही.

आणि जळगावच्या बाजारात कुणाच्या उभ्या गाडीला धक्का लागला, मालक जवळपास नसला, तरी निघून जाऊ नका. शेजारच्या दुकानात विचारा, नाहीतर वायपरखाली नाव आणि नंबर लिहून चिठ्ठी ठेवा. माझ्या गाडीत त्यासाठी छोटी वही आणि पेन कायम असतं. गेल्या दिवाळीत माझ्याच गाडीच्या वायपरखाली अशी एक चिठ्ठी सापडली. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बंपर रंगवून दिला.