रावेरला आमच्या केळीच्या आडतीतला कॉम्प्युटर विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर नेलाय. आता फायरवॉल वेगळी घ्यावी लागेल का?

नाही, वेगळी घेऊ नका. मिंटसोबत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सोय, येतेच, फक्त ती बंद असते आणि तुम्हालाच सुरू करावी लागते. विंडोजमध्ये २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू असते, म्हणून तिकडे कधी लक्ष द्यावं लागलं नसेल. लिनक्समध्ये पॅकेट (नेटवर्कवरून येणारे-जाणारे माहितीचे तुकडे) अडवायचं खरं काम कर्नलमधलं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातलं, नेटफिल्टर करतं. मिंटसोबत येणारा यूएफडब्ल्यू हा प्रोग्रॅम त्याला नियम सांगतो. जळगाव-भुसावळकडच्या दुकानांत मी हेच लावून देतो: मेनूत 'फायरवॉल' शोधायचं, पासवर्ड द्यायचा, स्टेटस चालू करायचं, इनकमिंग 'डिनाय' आणि आउटगोइंग 'अलाउ' ठेवायचं. बस. ब्राउझर, मेल, बँकेची साइट सगळं चालतं, कारण तुम्ही मागितलेल्या माहितीचं उत्तर आत येऊ दिलं जातं.

एक अडचण मात्र येईल. आडतीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून याच मशीनमधलं शेअर केलेलं हिशोबाचं फोल्डर उघडत असाल, तर ते उघडणार नाही. तेवढ्यासाठी साम्बाचा, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रॅमचा, नियम (टीसीपी पोर्ट ४४५, म्हणजे त्याचा ठरलेला दरवाजा) जोडा, तोही फक्त आपल्या राउटरच्या नेटवर्कपुरता. त्या एका फोल्डरसाठी अख्खी फायरवॉल कृपा करून बंद करू नका.