मोंमार्त्रची टेकडी आईला झेपेल का?

तुमचा प्रश्न असा, की पॅरिसमध्ये दोनच दिवस आहेत, सोबत गुडघे दुखणारी आई आहे, तर मोंमार्त्रच्या टेकडीवर अर्धा दिवस घालवावा का? मी म्हणेन, जरूर घालवा. फक्त चढायचं यंत्राने आणि उतरायचं पायांनी.

मी बेळगावचा, शहापूरचा. आमच्या घरी गणपती करायचे. पीओपीच्या पोत्यांवर बसून मी अभ्यास केलाय, आणि त्या 'प्लास्टर ऑफ पॅरिस'मधलं पॅरिस कुठून आलं हे कळायला मला दोन वर्षांपूर्वी मुलीकडे जावं लागलं. ते आलं तिथल्या जिप्समच्या खाणींवरून, आणि त्यातल्या मोठ्या खाणी याच टेकडीत होत्या. दगड काढायचा, भाजायचा, दळायचा की झालं प्लास्टर. वर साक्रे-कर हे पांढरं चर्च बांधायला 1875 मध्ये सुरुवात झाली तेव्हा खाणींनी पोखरलेली जमीन वजन पेलेना, म्हणून 83 खोल विहिरी खणून त्यांत खांब भरावे लागले. हे समजल्यावर मी पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

त्या चर्चचा दगडही बघण्यासारखा आहे. आपल्याकडे पावसाळा संपला की चिऱ्याच्या भिंती शेवाळाने काळ्या पडतात. तिथला दगड पावसाने धुऊन पांढरा राहतो.

आता वाट सांगतो. मेट्रोने आनव्हेर स्टेशनला उतरा. तिथून थोडं चाललं की फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी टेकडीवरची छोटी गाडी लागते, तिला मेट्रोचं तिकीट चालतं. शेजारचा जिना 222 पायऱ्यांचा आहे, तो आईला दाखवूही नका. खाली मनगटाला दोरा बांधायला येणारे भेटतील. हात खिशात ठेवा आणि थांबू नका, नाहीतर दोरा बांधून पैसे मागतात.

वर प्लास द्यु तेर्त्र या चौकात चित्रकार बसतात. चौकात बसायला पालिकेचा परवाना लागतो, जागा हातभर. कागद घेऊन तुमच्यामागे फिरणारे वेगळे, त्यांना नको म्हणा. चित्र काढून घ्यायचं तर आधी भाव ठरवा. खरं सांगायचं तर चौकात मी दहा मिनिटंसुद्धा रमलो नाही.

रमलो ते मागच्या र्‍यू कोर्तो या रस्त्यावर, 12 नंबरच्या घरात. तिथे आता मोंमार्त्रचं संग्रहालय आहे. 1876 मध्ये रेनुआर इथे राहून चित्रं काढत होता. पण मला धरून ठेवलं ते सुझान व्हालादोंच्या खोलीने. धुणं धुणाऱ्या बाईची ही मुलगी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायची, बसल्या बसल्या त्यांचे हात बघून शिकली आणि स्वतः मोठी चित्रकार झाली. तिचा स्टुडिओ पुन्हा तसाच मांडलाय, मोठ्या काचेतून उजेड येतो. आम्हीही गणपतीच्या कारखान्यात असंच शिकलो, कुणी समोर बसवून शिकवलं नाही. म्हणून सांगतो, वेळ कमी पडला तर चर्च बाहेरून बघा, पण ही खोली चुकवू नका. बागेतून खालचा द्राक्षमळा दिसतो. तो 1933 चा, पण द्राक्षं या टेकडीवर त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

चित्रकार इथे का जमले? टेकडी 1860 पर्यंत पॅरिसच्या हद्दीबाहेर होती, म्हणून दारूवर शहराचा कर नव्हता. पुढेही भाडं परवडणारं राहिलं. पिकासो 1904 ते 1909 बातो-लाव्हुआर नावाच्या लाकडी इमारतीत राहिला. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून पाण्याचा एकच नळ. 1907 चं त्याचं गाजलेलं चित्र 'आव्हीन्योंच्या तरुणी' तिथलंच. ती इमारत 1970 मध्ये जळाली, नंतर सिमेंटची बांधली, पुढच्या खिडकीत जुने फोटो लावलेत.

संग्रहालयातून निघून जुन्या पवनचक्कीजवळून र्‍यू लेपिक या रस्त्याने उतरा; 54 नंबरच्या घरात चित्रकार व्हान गॉग भावाजवळ राहायचा. मग बातो-लाव्हुआरचा छोटा चौक, बाकावर आईला बसवा. तिथून आबेस स्टेशन अगदी जवळ आहे. ते जमिनीखाली 36 मीटर आहे, गोल जिन्याच्या भिंतींवर चित्रं आहेत म्हणून मोह होईल. तुम्ही जिन्याने जा, आईला लिफ्टने न्या.