वरचा एक ग्रॅम, तळाचे तीन

रेडिओ नियंत्रित लहान युद्धनौका बांधणाऱ्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले. मोटर कोणती, रंग कोणता, असे थोडे. बाकी सगळ्यांचं रडगाणं एकच: नौका दिसते छान, पण पाण्यात उभी राहत नाही.

प्रश्न: १:९६ प्रमाणात फ्लेचर वर्गाची (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी) विनाशिका बांधली आहे. टबात सोडली की ती डावीकडे कलते आणि तशीच थांबते. बोटाने ढकललं तर उजवीकडे कलून थांबते. सरळ काही राहत नाही. सध्या वजन २ किलो ७०० ग्रॅम आहे. तोफांचे पाचही बुरूज भरीव रेझिनचे, डोलकाठी भरीव पितळेची. शिसं किती घालू?

आधी एक चूक टाळा. डावीकडे कलली म्हणून उजव्या बाजूला वजन चिकटवू नका. नौका नेहमी एकाच बाजूला कलत असती, तर आतलं वजन मध्यरेषेवरून सरकलंय असं म्हणता आलं असतं. बॅटरी बोटभर हलवली की काम झालं असतं. तुमची दोन्हीकडे कलते. म्हणजे ती डोईजड आहे. अशा नौकेला उजवीकडे वजन दिलंत तर ती सरळ होणार नाही, एकदम उजवीकडे पडेल, आणि आधीपेक्षा जास्त.

असं का होतं? नौका कलली की तिच्या बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वरचा रेटा कललेल्या बाजूकडे सरकतो. त्या रेट्याची उभी रेघ नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर नौका सावरते, वर गेला तर पडते. तुमचा गुरुत्वमध्य थोडासाच वर गेला आहे. कलल्यावर पाण्याला टेकणारी रुंदी वाढते, म्हणून ती एका कोनावर अडकून राहते, पूर्ण उलटत नाही.

आता शिशाचा हिशोब. खरी फ्लेचर सुमारे ११५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि पूर्ण भरलेली असताना साधारण २५०० टनांची. लांबी ९६ पटीने कमी होते, पण वजन ९६ च्या घनाने, म्हणजे ८,८४,७३६ पटीने. त्यामुळे तुमच्या सुमारे १ मीटर २० सेंमीच्या नौकेने पाणरेषेवर बसायला सुमारे २ किलो ९०० ग्रॅमच भरायला हवं. शिशाला उरले दोनशे ग्रॅम. त्याहून जास्त घाला, नौका उभी राहील खरी, पण पाणरेषा बुडेल आणि विनाशिका पाणबुडीच्या वाटेला लागेल.

म्हणून शिसं आणण्याआधी वरचं कापा. दोनशे ग्रॅम शिसं गुरुत्वमध्याच्या ५ सेंमी खाली ठेवलं तर हिशोब (वजन गुणिले अंतर) येतो १००० ग्रॅम-सेंमी. तुमची पितळेची काठी ६० ग्रॅमची असेल आणि तिचं वजन सरासरी २० सेंमी उंचीवर असेल, तर ती एकटीच १२०० ने उलट ओढते. तिच्या जागी १५ ग्रॅमची पोकळ नळी लावा. ९०० वाचले, म्हणजे जवळजवळ १८० ग्रॅम शिशाचं काम झालं आणि नौका हलकीही झाली. ब्रिजच्या, म्हणजे नौका चालवायच्या वरच्या खोलीच्या, माथ्यावरचा एक ग्रॅम तळाच्या तीन ग्रॅमांना भारी पडतो, इतकं धरून चाला. बुरूज आतून पोखरा, किंवा १ मिमी स्टायरीनच्या पत्र्याचे नव्याने करा. रेझिनच्या बुरुजांवर इतकी मेहनत घेतल्यावर हे जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी करा.

ही चूक फक्त हौशी लोकांची नाही. जपानची तोमोझुरू ही लहान टॉर्पेडो नौका १२ मार्च १९३४ रोजी वादळी समुद्रात उलटली. छोट्या सांगाड्यावर फार शस्त्रं चढवली होती. त्यानंतर जपानी आरमाराला आपल्या इतर नौकांचीही स्थिरता तपासून वरचं वजन उतरवावं लागलं.

प्रश्न: स्थिरता मोजता येते का? की टबात हलवून अंदाजच घ्यायचा?

मोजता येते, आणि पाच मिनिटांत. ५० ग्रॅमचं वजन डेकच्या बरोबर मध्यावर ठेवा. डोलकाठीला किंवा आत उभ्या केलेल्या काडीला २० सेंमीचा दोरा बांधून खाली नट लटकवा आणि त्यामागे आडवी पट्टी लावा. नट स्थिर झाला की जागा टिपा. मग वजन ५ सेंमी बाजूला सरकवा आणि नट किती सरकला ते वाचा. वरची विनाशिका दुरुस्त झाल्यावरचं उदाहरण घेऊ. या वजनासह नौका २९०० ग्रॅमची आहे आणि नट १.७ सेंमी सरकला. ५० गुणिले ५ म्हणजे २५०. १.७ भागिले २० म्हणजे ०.०८५, त्याला २९०० ने गुणलं की सुमारे २४७. अडीचशेला त्याने भागा: मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या साधारण १ सेंमी वर आहे. साडेबारा सेंमी रुंद नौकेला हे मला पुरेसं वाटतं. रुंदीच्या आठ ते दहा टक्के असा माझा ठोकताळा आहे. वारा काही आपल्या प्रमाणात लहान होत नाही, म्हणून थोडं जास्त असलेलं बरं.

फार जास्तही नको. नौका हलकेच कलवून सोडा आणि दहा झोक्यांचा वेळ घ्या. झोक्याचा काळ प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. खऱ्या जहाजाला नऊ सेकंद लागत असतील तर १:९६ च्या नौकेला सेकंदाहून जरासा कमी. अर्ध्या सेकंदात खटकन सरळ होत असेल तर शिसं जास्त झालं. बुडणार नाही, पण लाटांवर बुचासारखी टणटण उडेल.

ही परीक्षा जुनी आहे. स्वीडनच्या वासा जहाजावर तीस माणसांना या काठावरून त्या काठावर पळवून पाहिलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की परीक्षाच थांबवली. तरीही ते निघालं, आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत सुमारे १३०० मीटरांवर बुडालं. टबातली परीक्षा नापास झाली की तळ्यावर जायचं नाही, एवढं आपण नक्की करू शकतो.

प्रश्न: लिपो (हलकी लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेतली, वजन वाचलं, आणि आता तेवढंच शिसं घालतोय. यात काय मिळवलं?

शिसं कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवता, हे मिळवलं. लेड-ॲसिड बॅटरी उभी पेटी असते. शिशाची पट्टी कण्यालगत झोपते. मोठ्या, रुंद बॅटलशिपला मात्र लेड-ॲसिड खुशाल वापरा. शिसं कायमचं चिकटवायची घाई करू नका. शेवटचा रंग आणि रेलिंग होईपर्यंत छर्रे झिपच्या पिशव्यांत भरून ठेवा.

प्रश्न: सरळ जाताना नौका झकास चालते. पूर्ण वेगात वळवली की बाहेरच्या बाजूला इतकी झुकते की डेकवर पाणी येतं. एकदा घाबरून सुकाणू सोडलं तर आणखीच झुकली!

घाबरून सोडलंत तिथेच चुकलं, पण तसं सगळेच करतात. वळताना नौका बाहेर झुकते. सुकाणू पाण्याखाली असतं, आणि त्यावरचा जोर उलट, आतल्या बाजूला कलवत असतो. तो एकदम काढून घेतलात की बाहेरचं झुकणं मोकळं सुटतं. अशा वेळी आधी वेग उतरवा, मग सुकाणू सावकाश सरळ करा.

मूळ दुखणं बहुतेक वेगाचं आहे. झुकवणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. ३६ नॉटची विनाशिका १:९६ ला किती वेगाने जावी? ३६ नॉट म्हणजे सेकंदाला साडेअठरा मीटर. त्याला ९६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ९.८ ने भागा. सेकंदाला १.९ मीटर, भरभर चालणाऱ्या माणसाइतका. काठाने तिच्यासोबत चालून बघा. मागे पडलात तर ट्रान्समीटरवरून थ्रॉटलची कमाल मर्यादा खाली आणा.

प्रश्न: पंख्याच्या दांड्यातून आत थोडं पाणी येतं. चमचाभर असेल. त्याने काही बिघडतं का?

चमचाभराने नाही, वाटीभराने नक्की. पाणी एका जागी बसत नाही, नौका कलली की तेही त्याच बाजूला धावतं. शंभर ग्रॅम शिसं तळाशी मदत करतं, शंभर ग्रॅम मोकळं पाणी घात करतं. दांड्याच्या नळीत ग्रीस भरा, नळीचं आतलं टोक पाणरेषेच्या वर येईल असं बसवा, आणि तळ आडव्या पडद्यांनी तोडा म्हणजे पाणी एका कप्प्यातच राहील. मोटरखाली स्पंज ठेवा. तो किती भिजला त्यावरून गळती कळते.

फोमही भरा. एक लिटर बंद पेशींचा फोम साधारण एक किलोचा भार उचलून धरतो. पण तो तळाशी नको. माझ्या पहिल्या नौकेत मी तो व्यवस्थित तळाशी बसवला होता. ती भरली, बुडाली नाही; लाल तळ वर करून उलटी तरंगत राहिली, आणि वरचं सगळं बारीक काम चिखलात खुपसून बसली. डेकच्या खाली, दोन्ही कडांना लावा.

प्रश्न: टबात रिसीव्हर उत्तम चालतो, तळ्यात चाळीस पावलांवर सिग्नल तुटतो.

ॲंटेना पाणरेषेच्या खाली असणार. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. तार वर काढून ब्रिजच्या आत उभी चिकटवा, धातूपासून दूर. आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ती सेटिंग) 'मोटर बंद' वर ठेवून घरीच ट्रान्समीटर बंद करून बघा.