न्यूझीलंडला हंटिंग गाईड म्हणून यायचं म्हणतोस तर

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. तू शिरपूरकडचा, घरात सुतारकाम, सातपुड्यात लहानपणापासून फिरलेला, आणि आता न्यूझीलंडला हंटिंग गाईडचं काम करून जोडीला रायफलचे लाकडी दस्ते बनवायचे, जमेल का असं विचारून राहिला. मी चोपड्याचा, साउथ आयलंडला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा, आणि ते बरोबरच आहे. इथली गोष्टच उलटी आहे, वटवाघळं सोडली तर या बेटांवर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, हरणं गोऱ्यांनी आणून सोडली, शॅमॉय नावाची डोंगरी बकरीसारखी जनावरं 1907 ला ऑस्ट्रियाच्या बादशहाने भेट दिले आणि टार तर आपल्या हिमालयातलं जनावर, 1904 ला माउंट कुकच्या भागात सोडलं. त्यांना खाणारं कोणी नाही, ते डोंगरावरची झाडंझुडपं खाऊन टाकतात, म्हणून सरकारचं डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन स्वतः हेलिकॉप्टरमधून टार मारून संख्या कमी करतं. म्हणून मी हे काम मोकळ्या मनाने करतो. पण तिकडे केळीत, मक्यात रोही-डुकरांमागे रात्री फिरलेले किस्से अनुभव म्हणून अर्जात लिहू नको. बंदुकीच्या लायसनसाठी माणूस योग्य आहे का हे तपासतात आणि बेकायदा शिकारीचा साधा व्हिडिओ पण तुला बाद करू शकतो.

आता काम. गाईड स्वतः क्वचितच गोळी झाडतो. कस्टमर अमेरिका-युरोपातून येतो, त्याला डोंगर चढवायचा, वारा कुठून येतोय ते बघून फिरवून न्यायचं, दुर्बिणीतून तासन् तास कडे बघत बसायचं, आणि हेच नर घ्यायचं का हे तू ठरवायचं. टारच्या शिंगावरच्या वर्षांच्या कड्या मोजून वय कळतं, तरणं नर असेल तर कस्टमर कितीही म्हणो, नाही म्हणायची हिंमत पाहिजे. मग कातडं सोलणं, मान-तोंडाचं कातडं भुसा भरणाऱ्याला चालेल असं अखंड काढणं, आणि ते सगळं मटणासकट पाठीवर खाली आणणं. लाल हरणाचा माज मार्चअखेर ते एप्रिल, टारची आयाळ मे ते जुलै भरलेली असते, म्हणजे कडक थंडीत. आपल्याकडच्या पावरा-भिल्ल पोरांची नजर आणि पाय या कामाला सोन्यासारखे आहेत, हे मी अगदी मनापासून सांगतो.

कागदपत्रं: व्हिसासाठी मान्यता असलेल्या मालकाची नोकरी आधी हातात पाहिजे. बंदुकीचं लायसन वेगळं, त्यात सेफ्टीची परीक्षा, घरी येऊन बंदूक ठेवायची तिजोरी बघणं, घरच्यांशी आणि ओळखीच्यांशी बोलणं, पहिलं लायसन 5 वर्षांचं मिळतं. ते हातात येईपर्यंत लायसनवाल्याच्या नजरेखालीच बंदूक हाताळता येते, म्हणून पहिला सीझन मदतनीस म्हणून ये. सरकारी जमिनीवर पैसे घेऊन गाईड करायचं तर मालकाकडे त्याची वेगळी परवानगी पाहिजे, ती आहे का हे तू स्वतः विचार, लाजू नको.

दस्त्याचं मात्र तुला खरं सांगतो. डोंगरावर बहुतेक गाईड फायबरचा दस्ता आणि स्टेनलेसची नळी वापरतात, कारण पाऊस. आपल्या जळगावला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथे मिलफर्ड साउंडला सहा हजारांच्या वर. लाकूड फुगलं आणि नळीला टेकलं की गोळी नेमाची जागा सोडते. तरी आजोबांची अक्रोडाची रायफल नीट करून द्या म्हणणारे लोक आहेत आणि हात चांगला असेल तर ते काम तुला शोधत येतं. धंदा म्हणून करायचं तर डीलरचं लायसन लागतं, तोवर एखाद्या लायसनवाल्या कारागिराकडे राहा.

पटाशी तुझ्या हातात आहेच, तीच मोठी गोष्ट. लोखंड लाकडात बसवताना लोखंडाला दिव्याची काजळी लावायची, दाबून उचलायचं आणि जिथे काळं उमटलं तेवढंच खरवडायचं, परत काजळी, परत दाबायचं, असं दिवसभर. घाई केली तर फट राहते आणि ती परत भरून येत नाही. फळी निवडताना मुठीच्या जागी लाकडाच्या रेषा सरळ पुढे-मागे जातात का बघ, तिथे आडव्या गेल्या तर धक्क्याने दस्ता तिथेच चिरतो, मग नक्षी कितीही सुंदर असो. रायफलच्या मुख्य लोखंडी भागाखाली इपॉक्सीचा बेड घालतात, त्याआधी लोखंडाला बुटाचं मेणाचं पॉलिश चोपडायचं, नाहीतर ते कायमचं चिकटून बसेल. नळीखाली मात्र जागा मोकळी पाहिजे, घडी केलेली नोट टोकापासून आतपर्यंत न अडकता सरकली पाहिजे. घोड्यापासून खांद्याकडच्या टोकापर्यंतची लांबी माणसागणिक बदलते, कंपनीचे दस्ते साडेतेरा इंचाच्या आसपास असतात, बुटक्या माणसाला आणि जाड जॅकेट घालणाऱ्याला कमी लागते. फिनिशिंगला बॉइल्ड लिनसीड, म्हणजे आपलं जवसाचंच तेल पण लवकर सुकणारं, घरचं कच्चं तेल लावलंस तर आठवडाभर चिकट राहील. आधी ओल्या फडक्याने लाकडाचे तंतू उभे करून सुकल्यावर बारीक पेपरने घास. आणि खांद्याकडच्या रबरी पॅडखालचं टोक आणि नळीची खाच हे दिसत नाही म्हणून लोक तेल न लावता सोडतात, पाणी तिथूनच शिरतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, ती आपोआप पेटतात, बाहेर पसरून वाळव.

येताना अर्धवट दस्ता किंवा शिसमचा ठोकळा बॅगेत टाकू नको. लाकडाची वस्तू इथे विमानतळावर जाहीर करावीच लागते, लपवलं तर जागेवर 400 डॉलर दंड, आणि शिसमवर आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते वेगळेच. पटाश्या आणल्या तर चेक-इनच्या सामानात, धुऊन पुसून. बूट पण माती काढून आण, तेही तपासतात.

निघायचं असेल तर जानेवारीत पोचशील असं बघ. मार्च लागला की सगळे डोंगरावर असतात, नव्या माणसाला शिकवायला कोणाकडेच वेळ नसतो.