आजोबांनी टेप केलेल्या जुन्या मैफली यूट्यूबवर टाकणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी १९८० ते १९९९ या काळात घरगुती बैठकी आणि छोट्या मंडळांच्या मैफली टेप केल्या. साठेक कॅसेटी कपाटात आहेत. त्यातले बरेच गवई आता हयात नाहीत आणि हे गाणं बाजारात कुठे मिळत नाही. मग यूट्यूबवर टाकलं तर चुकलं कुठे? शिवाय तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक नेहमीच्या अल्बमच्या फायली मागतात, त्या द्याव्यात का?

मी चाळीस वर्षं तबल्याची साथ करतो आहे. तुमच्या आजोबांसारख्या रसिकांनी केलेल्या कितीतरी टेपांवर माझा तबला आहे. त्यामुळे हा प्रश्न मला घरचा वाटतो, उत्तर जरा लांबेल.

टाकायचं की नाही हे नंतर ठरवा, आधी कॅसेटी वाचवा. कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे, पातळ पितळी पट्टीवर नखाएवढी गादी चिकटवलेली असते. तिचा गोंद वर्षानुवर्षांनी वाळतो आणि ती गळून पडते. मग फीत प्लेयरच्या हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि लोक ‘टेप गेली’ म्हणून फेकून देतात. टेप गेलेली नसते. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटच्या स्क्रूच्या कव्हरात ती फीत घाला, गाणं परत उभं राहतं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती प्लेयरमध्ये घालू नका, तीच बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. आणि प्लेयरचा वेग तपासा. गवयाची पट्टी, म्हणजे तो कुठल्या सुराला सा धरतो ते, माहीत असेल तर पेटीवर तो षड्ज (सा) धरून पाहा. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गाणारा, म्हणजे काळी एकचा गवई, पुढच्या काळी दोनमध्ये ऐकू आला, तर त्याचा आवाज आणि माझी लय दोन्ही खोटी होतात. एमपीथ्री नंतर करा, पहिली प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, तिच्यात आवाज दाबून लहान केलेला नसतो.

हे एवढं सांगतो कारण गाणं नाहीसं होणं म्हणजे काय हे आमच्या क्षेत्राला ठाऊक आहे. जयपूर घराण्याचे मोठे गवई अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, मुंबई-कोल्हापुरात गात होते, ध्वनिमुद्रणाची सोय होती, तरी त्यांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. दुसरे थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचंही तेच. त्यांच्या गाण्याबद्दल आपण फक्त वाचतो. तेव्हा ‘हे लोकांपर्यंत जायला हवं’ ही तुमची तळमळ मला शंभर टक्के पटते.

आता हक्काचं. कपाटात जे काही आहे ते सगळं एकाच तराजूत घालू नका.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या असतील तर त्यांचं सोपं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. ‘मानापमान’ या संगीत नाटकातलं पद घ्या. ते लिहिणारे काकासाहेब खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. १९३० च्या दशकातली त्याची तबकडी तुमच्याकडे असेल तर बिनधास्त लावा आणि जगाला ऐकवा. उलट गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले. १९५० च्या दशकातल्या तबकडीवर त्यांचं गीत असेल तर तबकडी मोकळी झाली, पण शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. लोकांचा घोळ बहुतेक इथेच होतो.

ग्रुपवर मागतात त्या अल्बमांबद्दल मला फार बोलायचं नाही. जे आज पैसे देऊन किंवा जाहिरात ऐकून कायदेशीर ऐकता येतं, त्याची फाइल देऊ नका, लिंक द्या. कष्ट तेवढेच. ‘पैसे कंपनीला जातात, कलाकाराला काय मिळतं?’ हे मी ऐकत आलोय, आणि एके काळी ते बरंचसं खरं होतं. १९६० च्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, रफीसाहेबांचं मत पडलं की मानधन घेतलं की आपला संबंध संपला, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेता येणार नाही असं केलं. म्हणजे आज फाइल फिरवणारा माणूस फक्त कंपनीला चाट लावत नाही.

एक कबूल करतो. वीस-पंचवीस वर्षं कुठेच न मिळणारी एक एलपी (मोठी तबकडी) मी शिकणाऱ्या मुलीला टेप करून दिली आहे. ती त्यातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल बसवत होती. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरती कायदाही थोडी जागा ठेवतो. अडीचशे जणांचा ग्रुप म्हणजे मात्र अभ्यास नव्हे.

खरा प्रश्न मैफलींचा आहे. तुम्ही लिहिलंय, ‘बाजारात नाही म्हणजे कुणाचं नुकसान नाही.’ इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

१९९७ च्या डिसेंबरातली एक मैफल सांगतो. तालुक्याचं गाव, एका डॉक्टरांच्या वाड्यातला चौक, शंभरेक माणसं. गायिका त्या वेळी साठीच्या, दोन दिवस अंगात ताप. आयोजकांनी लोकांना बोलावून ठेवलं होतं म्हणून त्या बसल्या. तंबोरे लागल्यावर म्हणाल्या, ‘आज आवाज बरा नाही, सांभाळून घ्या.’ मग पूरिया धनाश्री राग घेतला. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा त्यांनी तो टाळला आणि पंचमावरच असं काम केलं की मी ठेका धरून नुसता बघत राहिलो. पुढच्या रांगेत एक गृहस्थ टेप करत होते. मध्यंतरात त्यांनी रीतसर विचारलं, ‘ठेवू का?’ बाई म्हणाल्या, ‘आपल्यापुरतं ठेवा.’

ते गृहस्थ पुढे वारले. कॅसेटी कुणाकुणाच्या हाती गेल्या. वीसेक वर्षांनी ती मैफल यूट्यूबवर आली. ‘दुर्मिळ’ असं ठळक लिहिलेलं, मध्ये जाहिराती, पेटीवाल्याचं आणि माझं नाव नाही. आणि सुरुवातीचं ते वाक्य कापलेलं. टाकणाऱ्याला ते फालतू बोलणं वाटलं असणार. खाली लोकांनी लिहिलं होतं, वय झालं की थांबावं माणसाने.

बाई तेव्हा हयात होत्या, ऐंशीच्या पुढे. नातीने फोनवर लावून दाखवलं, मी समोर बसलो होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘माझं ते पहिलं वाक्य कुठं गेलं?’

नुकसान कुणाचं, या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. त्यात पैशाचा संबंध नव्हता. त्या रात्रीची माणसं त्यांना ओळखत होती, तापाचं ठाऊक होतं, त्या शंभर जणांवर भरवसा ठेवून त्या गायल्या. बैठकीत गवई धोका पत्करतो तो याच भरवशावर. नवी जागा करून बघतो, चुकतो, हसतो, पुन्हा घेतो. टेप जाहीर झाली की तो भरवसा मागच्या दाराने मोडला जातो, आणि पुढच्या वेळी तो माणूस टेप बघून सांभाळून गातो. तरुण गायकांमध्ये हे मी डोळ्यांनी बघतो आहे. समोर पंधरा फोन उभे राहिले की आलापीत फक्त पाठ केलेलं येतं.

कायदाही इथे गप्प नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, तो आता ५० वर्षांचा आहे. ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी आणि गारुडीही आहेत, म्हणजे तबलजी आणि पेटीवाले तर आहेतच. २०१२ पासून आपलं नाव लागण्याचा हक्क मिळाला, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचाही. त्याआधीच्या टेपांना यातलं काय लागू होतं यावर वकील वाद घालतील. मी घालत नाही. १९८५ साली गाणाऱ्या माणसाचा शब्द १९९७ साली गाणाऱ्यापेक्षा हलका नव्हता.

तेव्हा तुम्ही काय करावं?

आजोबांच्या कॅसेटींच्या डब्यांमधले कागद आधी नीट वाचा. त्या पिढीचे रसिक फार काटेकोर असत. निळ्या शाईत राग, ताल, साथीदार, तारीख, कुणाच्या घरी, सगळं लिहीत. कोपऱ्यात कुठे ‘खासगी’ किंवा ‘बाहेर देऊ नये’ असं दिसलं तर तो आजोबांनी त्या कलाकाराला दिलेला शब्द आहे. कॅसेटीबरोबर तोही तुमच्याकडे वारशाने आला आहे.

मग माणसं शोधा. गवई गेले म्हणजे सगळे गेले असं नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या आज साठीची असेल, तिच्याकडे घरच्यांचा फोन नंबरही असेल. आमच्या क्षेत्रात दोन फोनांत कुणाचाही पत्ता लागतो. ‘टाकू का?’ असं एकदम विचारू नका. आधी ती संपूर्ण मैफल त्यांना पाठवून द्या, भेट म्हणून. कित्येक घरांत त्या माणसाचा तेवढा आवाजही नसतो. एका पेटीवादकाच्या मुलाला मी अशी टेप दिली होती. त्याला गाण्यापेक्षा मध्यंतरात वडील ‘चहा गोड झालाय’ म्हणतात तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मग विचारा, आणि नेमकं विचारा: हा राग, एवढी मिनिटं, काटछाट न करता, जाहिराती न लावता, सगळ्यांची नावं घालून.

बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. काही नाही म्हणतात, त्या दिवशी आवाज लागला नव्हता म्हणून, किंवा त्यात घराण्यातली अशी बंदिश आहे जी गुरूने शिकवली पण वाटायला दिली नाही म्हणून. कारण तुम्हाला पटो न पटो, नाही म्हणजे नाही. ती कॅसेट शिकणाऱ्यांना घरी बोलावून ऐकवा, तसं ऐकवणं मला आजही सगळ्यात चांगलं वाटतं.

कुणीच सापडलं नाही तर? मनापासून शोधलं असेल, आणि गाणं त्या माणसाच्या नावाला शोभणारं असेल, तर मी टाकीन. वर्णनात स्पष्ट लिहीन की कुणाची परवानगी मिळू शकली नाही, घरच्यांनी कळवलं तर त्याच दिवशी काढीन. आणि काढीनही, वाद न घालता. जाहिराती मात्र कुठल्याही परिस्थितीत लावणार नाही. दुसऱ्याच्या रियाझावर आपण पैसे मिळवायचे नसतात.

त्या बाईंचं पुढे काय झालं तेही सांगतो. आम्ही चॅनेलवाल्याला लिहिलं, तो म्हणाला मी संगीताची सेवा करतो आहे. तक्रार केल्यावर तीनेक महिन्यांनी ते निघालं. मला वाटलं होतं बाई आता टेपचं नावही काढू देणार नाहीत. पण त्यांनीच आतल्या खोलीतून पत्र्याचा डबा मागवला. त्यातल्या एका कॅसेटवर त्याच गावची, सहा वर्षं आधीची मैफल होती. यमन, तेवीस मिनिटं. म्हणाल्या, ‘टाकायचंच तर हे टाका.’ नातीने विचारलं, सुरुवातीची चारेक मिनिटं नुसते तंबोरे लागतायत, ती कापू का? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. आज ती मैफल तंबोरे लागण्यापासून ऐकायला मिळते, खाली सहाही जणांची नावं आहेत, तंबोऱ्यावर बसलेल्या दोन्ही मुलींसकट.